कार्यानुभवाच्या तासाला जॉयस्टिक घडू द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमधील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी नीती आयोगाकडून वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी तेथे स्वतःच्या हातांनी वस्तू घडवाव्यात, अशी अपेक्षा असते. विज्ञान प्रदर्शनांत मला मात्र वर्षानुवर्षे तयार संचांतून जुळवलेल्या आणि काळ्या रेषेवरून चालणाऱ्या गाड्याच अधिक दिसतात. संच जुळवण्यात वाईट काही नाही. परंतु त्यातील मापे दुसऱ्याने घेतलेली असतात, भोके दुसऱ्याने पाडलेली असतात आणि चुकण्याची जागाच मुलांसाठी उरलेली नसते. त्याऐवजी आठवी-नववीच्या गटाने कार्यानुभवात लाकडी खोक्यातील आर्केड जॉयस्टिक, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याची दांडी आणि बटणे, सुट्या भागांपासून बनवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना व्हिडिओ गेम पार्लरमधील ती उभी यंत्रे आठवत असतील. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा खेळ आपल्याकडे त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला गेला. त्या यंत्रांवरील दांडी एवढे हिसके सोसूनही टिकत असे, याचे कारण तिच्या साध्या रचनेत आहे. तळाशी चार दिशांना चार मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबानेही चालणारे छोटे स्विच, असतात. दांडी कलली की तिचे खालचे टोक विरुद्ध बाजूचा स्विच दाबते आणि हात सोडताच स्प्रिंग तिला मध्यावर आणते. तिरक्या दिशेसाठी वेगळा स्विच नसतो, शेजारचे दोन एकदम दाबले गेले की ती दिशा मिळते. दांडीची हालचाल अडवणारी चौकट चौकोनी असेल तर तिरकी दिशा कोपऱ्यात नेमकी सापडते, अष्टकोनी असेल तर आठही दिशा हाताला जाणवतात. हे सारे डोळ्यांना दिसते आणि बोटाने दाबून तपासता येते, म्हणूनच ते शिकवण्याजोगे आहे.

खरे शिक्षण सुतारकामापासून सुरू होते. मुलांनी आधी पुठ्ठ्यावर पंजा ठेवून बोटांच्या टोकांच्या जागा आखाव्यात, कारण बटणे बोटांच्या लांबीप्रमाणे किंचित कमानीत असली तरच मनगट अवघडत नाही. डावखुऱ्या मुलाला दांडी उजवीकडे हवी असेल तर तेही येथे सहज करता येते. मुख्य बटणांना सामान्यतः ३० मिलिमीटर व्यासाचे भोक लागते, परंतु बाजारात २८ मिलिमीटरची बटणेही मिळतात, त्यामुळे व्हर्नियर कॅलिपरने प्रत्यक्ष माप घेतल्याशिवाय होल सॉ, म्हणजे मध्ये बारीक ड्रिल असलेली गोल करवत, चालवू नये. एरवी व्हर्नियरचे वाचन केवळ प्रयोगवहीत उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच वाचनावर आपले बटण बसणार की नाही हे ठरते, असा अनुभव येतो आणि तो विसरला जात नाही. भोक पाडताना प्लायवुडचा मागचा थर फाटतो. तो फाटू नये म्हणून मागे टाकाऊ फळी क्लॅम्पने आवळावी लागते, किंवा मधले बारीक भोक आरपार जाताच फळी उलटून उरलेले काम मागच्या बाजूने करावे लागते. खटक्याने बसणारी बटणे पातळ पत्र्यासाठी असतात, ती १८ मिलिमीटरच्या फळीत धरत नाहीत. तेथे आट्यांची, नटाने आवळायची बटणेच हवीत. दांडी मात्र अशा जाड फळीखाली तशीच बसवली तर वर पुरेशी उरत नाही, म्हणून तिच्यापुरते लाकूड खालून कोरून पातळ करावे लागते. यांतील एकही गोष्ट तयार संच शिकवत नाही.

विजेचे काम त्यामानाने सोपे आहे. प्रत्येक स्विचचा एक पाय सामाईक तारेने ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या जोडणीला, आणि दुसरा स्वतंत्र तारेने प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या पिनला जोडायचा. दांडीचे चार आणि बटणांचे दहा असे चौदा संकेत धरले तरी काही शे रुपयांत मिळणाऱ्या रास्पबेरी पाय पिको या बोर्डावरील २६ पिना पुरून उरतात. पिन एरवी ३.३ व्होल्टवर असते आणि बटण दाबले की शून्यावर येते. धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एकदा दाबलेले बटण अनेकदा दाबल्यासारखे भासते. प्रोग्राममध्ये त्यावर उपाय करताना मुलांना यंत्र आणि प्रोग्राम यांचा संबंध प्रत्यक्ष कळतो. जुन्या कीबोर्डमधील सर्किट फुकट मिळते म्हणून ते वापरण्याचा मोह होतो, पण त्यात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत गुंफलेल्या असल्याने काही तीन कळा एकत्र दाबल्या की चौथीही दाबल्याचा भास होऊ शकतो. गटाने दोन्ही प्रकार करून पाहिले तर फारच उत्तम.

त्यानंतर बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतच्या विलंबाचे मोजमाप यावे. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो तेव्हा एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. बटणासोबत पेटणारा एक छोटा एलईडी जोडून तो आणि पडदा एकाच वेळी मोबाइलच्या सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये टिपला, तर दिवा लागल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतची चित्रे मोजून विलंब काढता येतो, कारण तेथील प्रत्येक चित्र सुमारे ४.२ मिलिसेकंदांचे असते. एवढा नेमका प्रयोग शाळेत इतक्या कमी खर्चात क्वचितच होतो.

शाळेने मुलांना खेळाचे व्यसन का लावावे, असा आक्षेप पालक घेतील आणि त्यांची काळजी रास्त आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, तयार खेळ शाळेत आणूच नयेत. पिको बोर्ड संगणकाला कीबोर्ड म्हणून ओळख देऊ शकतो, त्यामुळे मुलांनी स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत स्वतः रचलेल्या खेळावरच आपल्या जॉयस्टिकची परीक्षा घ्यावी. शिवाय हे कौशल्य खेळापुरते राहत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये दिव्यांग खेळाडूंसाठी आणलेल्या कंट्रोलरला बाहेरचे स्विच जोडण्यासाठी ३.५ मिलिमीटरचे साधे जॅक आहेत. ज्या मुलीला चौदा स्विचांची जोडणी जमली, तिला बोटांत जोर नसलेल्या वर्गमित्रासाठी तळहाताने दाबता येईल असा एक मोठा स्विच संगणकाला जोडून देणे अवघड नाही. माझ्या दृष्टीने या उपक्रमाचे सर्वांत मोठे मोल येथे आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवताना स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्याकडून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आठवीच्या वर्गाने त्यांतील दोन दिवस गावातल्या सुताराकडे काढावेत आणि त्या कारागिराला रीतसर मानधन मिळावे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे सुटे भाग मिळतात. लहान गावांतील शाळांसाठी जिल्हा पातळीवर एकत्रित खरेदी व्हावी आणि अनुदानातून सुटे भाग घेणाऱ्या मुख्याध्यापकांना त्या किरकोळ पावत्यांसाठी खुलासे देत बसावे लागू नये. प्रदर्शनाच्या परीक्षकांनाही माझी विनंती आहे की, खोक्याच्या रंगरंगोटीवर गुण देण्यापूर्वी त्यांनी तळाची फळी उघडून आतील जोडणी पाहावी आणि ती समजावून सांगण्याची संधी मुलांना द्यावी.

आपला विश्वासू,
एक तंत्रशिक्षक, पुणे