दोऱ्याच्या रिळाचा हत्ती

टेलरकाका,

सा. न. वि. वि.

रविवारी बुद्धिबळ स्पर्धेच्या पाचव्या फेरीत काळी मोहरी घेऊन जिंकलो. समोरच्याचं रेटिंग माझ्यापेक्षा तीनशेनं जास्त. पूर्वीचा मी असतो तर बरोबरी झाली तरी देव पावला म्हटलं असतं.

त्यानं वजिराचं प्यादं डी-४ ला टाकलं, मग सी-४. मी तुमचा टॅराश बचाव काढला, म्हणजे अशा सुरुवातीला काळ्यांचं तुम्ही शिकवलेलं उत्तर. मधोमध एकटं प्यादं सांभाळत जगायचं, ही कल्पनाच मला कित्येक महिने पचली नव्हती. 'एकटं आहे म्हणून राखत काय बसतोस? वाट मिळाली की पुढे लोट!' काज करता करता तुम्ही हे किती वेळा ओरडलात, मोजलं नाही. दहाव्या चालीला त्याचा उंट जी-५ वर आला आणि मी प्यादं लोटलं डी-४ ला, थेट त्याच्या घोड्यावर. त्यानं उंट देऊन माझा घोडा घेतला. माझे दोन्ही उंट शाबूत राहिले. पुढचे चार तास त्या उंटांचेच. बावन्नाव्या चालीला त्यानं हात पुढे केला.

पण आभार खरे मानायचेत ते १९०७ च्या डावासाठी. पोलंडमधल्या लोड्झ शहरात रॉटलेवीविरुद्ध काळ्यांनी खेळणारा पोलिश बुद्धिबळपटू रुबिनस्टाइन, आणि तोही याच बचावातून. तुमच्या पटातला एक काळा हत्ती हरवलेला, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ. वजीर मारात सोडून ते रीळ सी-३ वरचा घोडा खायचं, तेव्हा मला तुम्ही चाल चुकलात असंच वाटायचं. मग दुसरा हत्ती डी-२ वर बळी. उंटाचा शह, पांढरा वजीर राजापुढे खिळलेला, आणि तुम्ही रीळ टक्कन एच-३ वर ठेवायचात. एच-२ वरची मात काही टळत नाही. पंचवीस चालींत खलास! काळ्यांनी नुसता जीव वाचवायचा नसतो, हे मला त्या रिळानं शिकवलं. (नवा हत्ती आणून देतो म्हणालो होतो. आता नाही आणणार.)

फी तुम्ही कधी घेतली नाहीत. निदान शर्टाची शिलाई तरी घ्या, कापड आणतोय.

स्कोअरशीटची झेरॉक्स सोबत आहे. छत्तिसाव्या चालीला सरळ जिंकत होतो, ते मला घरी आल्यावर दिसलं. तुम्हाला लगेच दिसेल. शिव्या राखून ठेवा, शनिवारी दुकान बंद करायच्या वेळेला येतो.

तुमचा,
कट्ट्यावरचा शेवटचा गिऱ्हाईक