आई-बाबांना, रिपोर्ट आल्यावर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल आई फोनवर म्हणाली, "माझंच कुठंतरी चुकलं, माझ्या हातचं खाऊन यांचं प्रोटीन वाढेना." रात्रभर तेच कानात होतं.

आई, बाबांच्या आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, उतरलं त्यात तुझ्या जेवणाचा काही दोष नाही. तिसऱ्या दिवशी ते २.५ होतं, तेव्हा बाबांच्या पोटात तुझ्या हातचा घाससुद्धा गेला नव्हता. आतडं कापून जोडलं की अंगात दाह उठतो, रक्तवाहिन्या पाझरतात आणि अल्ब्युमिन रक्तातून बाहेर झिरपतं. त्यात यकृत ते बनवणं कमी करून सीआरपी, म्हणजे दाह झाला की वाढणारं प्रथिन, बनवायला लागतं. तू रोज बाबांच्या पायावर बोट दाबून खड्डा बघायचीस ना, ती सूज त्यातलीच. परवा ३.२ आलंय. साडेतीनच्या, म्हणजे नॉर्मलच्या, पुढं जाईल, पण सावकाश.

बाबा, तुमच्याशी मी एकदा खोटं बोलले. मला टायफॉइड झाला तेव्हा तुम्ही कालनिर्णयच्या मागं पेन्सिलीनं ताप लिहीत होता. मीही तुमचं सीआरपी तसंच लिहीत होते: पहिल्या दिवशी ९६, तिसऱ्या दिवशी १७८. सीआरपी तिसऱ्या दिवसापर्यंत चढतंच, पण पुढंही दीडशेच्या वर राहिलं तर आतड्याचा जोड गळतोय का अशी शंका घेतात. त्या रात्री "सगळं नॉर्मल आहे" म्हणाले, कारण तुम्हाला झोप हवी होती. चौथ्या दिवशी १२८, सहाव्या दिवशी ५१. ते आकडे बघून जिन्यात बसून रडले.

आता मुख्य. आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. आगाऊ रक्कमही दिलीय. न विचारता ठरवलं, रागवा. पण सीईए, म्हणजे कॅन्सर परत डोकं काढतोय का ते बघायचा रक्तातला आकडा, पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी बघावा लागणार आणि एसटीचा तो पाच तासांचा प्रवास तुमच्या पोटाला सोसायचा नाही. आमच्या घरात राहा असं म्हणतच नाही. तुमची चूल वेगळी. कमोड आहे, पायरी एकच, सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. आरामखुर्ची दादा टेम्पोतून आणेल, तुळसही. गावचं घर बंद नाही व्हायचं, काकू दिवा लावतील. मळ्याचं आपण दिवाळीला बोलू.

तोवर ऐका. नुसतं सुपाचं पाणी पिऊन भागणार नाही, त्यातले तुकडे खायचे. चौपन्न किलोच्या माणसाला आत्ता दिवसाला पासष्ट-सत्तर ग्रॅम तरी प्रथिनं लागतात, एका अंड्यात सहाच असतात. म्हणून अंडी, पनीर, दही, मुगाचं धिरडं, थोडं थोडं पण पाच वेळा. आणि बाबा, गोठ्यामागची सिगारेट आजपासून बंद. मला माहीत आहे. तिच्यानंही सीईए वाढतो, मग आकडा कशानं चढला हेच कळत नाही. ऑपरेशनआधी ११ होता, आता २.४ आहे. तो मला तसाच राहायला हवा.

आई, तूही जेव. त्यांचं झाल्यावर उरलेलं नाही, त्यांच्याबरोबर बसून. गाडी रविवारी सकाळी सातला दारात येईल. फाइल पिशवीत वरच ठेव.

तुमची,
सोनू