‘वजन घटवा’ स्पर्धेचे बक्षीस किलोंना नको, हजेरीला द्यावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत सोलापुरात ‘वेट लॉस चॅलेंज’ नावाचा प्रकार चांगलाच रुजला आहे. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतील सोसायट्यांत, जिममध्ये, महिलांच्या भिशी मंडळांत आणि आता कार्यालयांतील कर्मचाऱ्यांतही साठ किंवा नव्वद दिवसांची पैज लागते. प्रत्येकाने पाचशे-हजार रुपये भरायचे, पहिल्या दिवशी वजन करायचे, शेवटच्या दिवशी पुन्हा करायचे आणि ज्याचे वजन सर्वांत जास्त उतरले त्याने जमलेली सगळी रक्कम घरी न्यायची, असा साधारण नियम असतो. आमच्या सोसायटीतील अशा स्पर्धेत वजनाची वही सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे आणि स्वतः पैसे भरलेले नसल्यामुळे माझ्या आकड्यांवर कोणी संशय घेणार नव्हते. ती वही भरताना जे दिसले, त्यावरून या स्पर्धांच्या नियमांत एक बदल सुचवावासा वाटतो.

समूहाने व्यायाम करण्याला माझा विरोध नाही, उलट त्याचा उपयोग मी जवळून पाहिला आहे. एकट्याने सुरू केलेले फिरणे पहिल्या पावसात किंवा घरातल्या पहिल्या लग्नकार्यात बंद पडते. पण खाली फाटकाशी चार जणी थांबलेल्या असल्या की पांघरूण फेकून उठावेच लागते. ज्या गृहिणींनी लग्नानंतर स्वतःसाठी दिवसातील अर्धा तासही कधी मागून घेतला नव्हता, त्या आता धर्मवीर संभाजी तलावाच्या काठाने भल्या सकाळी झपाझप चालताना दिसतात आणि घरच्यांनीही सकाळचा पहिला चहा आपला आपण करून घेण्याची सवय लावून घेतली आहे. पैजेचे पैसे अडकलेले असतात म्हणून ही शिस्त टिकते, असे कोणी म्हणेल, तर तेही मला मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे की पैसे कशासाठी द्यायचे.

शेवटच्या वजनाच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये जे चालले होते ते पाहण्यासारखे होते. एका गृहस्थांनी आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता आणि ते हातातील प्लास्टिकच्या पेल्यात सारखे थुंकत होते, कारण तेवढेच वजन कमी भरेल असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. दुसरे एक जण बंद गाडीत काचा लावून, अंगात दोन स्वेटर घालून बसून आले होते. कमरेचे पट्टे, घड्याळे, खिशातील किल्ल्या, एवढेच काय पण चष्मेसुद्धा टेबलावर काढून ठेवलेले होते. हॉलची एक फरशी किंचित कलती असून त्या फरशीवर काटा अर्धा किलो कमी दाखवतो, हा शोध पहिल्या वजनाच्या दिवशीच लागलेला असल्यामुळे काटा कुठे ठेवायचा यावर दहा मिनिटे वाद झाला. जे पेल्यात थुंकत होते त्यांनाच बक्षीस मिळाले. त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी नियमाने जे मागितले तेच दिले होते.

तालमींची परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यात हा प्रकार कोणाला नवा वाटू नये. कुस्तीगीर स्पर्धेपूर्वी वजन उतरवतात ते मुख्यतः घाम काढून आणि पाणी तोडून. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम सामन्याच्या सकाळी विनेश फोगाट हिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद ठरली. आदल्या रात्री तिने व्यायाम केला, घाम काढला, शेवटी केसही कापले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. एका रात्रीत वर-खाली होणारे ते वजन चरबीचे नव्हते. कुस्तीगिराला वजनानंतर पाणी पिऊन पुन्हा उभे राहायचे असते आणि त्याच्या मागे वस्ताद, वैद्य आणि वर्षांचा सराव असतो. पन्नाशीतल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने हजार-पाचशेच्या पैजेसाठी तेच करावे, आणि तेही सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा पारा सहज ४० अंशांच्या वर असतो, हे मला घातक वाटते.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून ज्या टाळ्या वाजतात, त्यामागेही बहुतांशी पाणीच असते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिष्टमय पदार्थांपासून झालेला ग्लायकोजेन साठवलेला असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भाकरी आणि भात एकदम बंद केला की हा साठा संपतो, पाणी निघून जाते आणि काटा खाली येतो. पुन्हा दोन दिवस नीट जेवले की तो वर जातो आणि माणूस खचतो. चरबी खरोखर कमी व्हायची तर आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग योग्य मानला जातो. त्याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण तोडले तर साखर एकाएकी उतरून चक्कर येऊ शकते. आमच्या गटात अशा गोळ्या घेणारे किती जण आहेत, हे स्पर्धा सुरू होताना कोणी विचारलेलेच नव्हते.

स्पर्धा संपल्यावर काय होते, हेही पाहायला हवे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन घटवण्याची एक गाजलेली स्पर्धा होत असे. तिच्यातील १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या मंडळींचे त्यातले सुमारे ४१ किलो परत आले होते, आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचे शरीर जेवढी ऊर्जा खर्च करील असा अंदाज होता, त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. आमच्या हॉलमधील स्पर्धा त्या मानाने किरकोळ आहे हे खरे, पण घाईने उतरवलेले वजन शरीर सहजासहजी विसरत नाही, हे त्यातून दिसते.

याउलट, आपल्याकडच्या एका अभ्यासाची माहिती अशा गटांत कोणालाच नसते आणि माझ्या मते तोच त्यांनी भिंतीवर लावण्यासारखा आहे. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिले, त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला; ज्यांना रोजचे चालणे आणि आहारातील बदल यांत नेटाने मार्गदर्शन केले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे या लोकांचे वजन फारसे उतरलेले नव्हते. म्हणजे काटा जागचा हलला नाही तरी शरीराच्या आत काम होत असते, आणि आमच्या वहीत त्यासाठी रकानाच नाही.

आमच्या गटातील तिसऱ्या मजल्यावरच्या एक ताई एकही दिवस चुकल्या नाहीत. त्यांचे वजन जेमतेम दीड किलो उतरले, त्यामुळे यादीत त्यांचे नाव खालून दुसरे लागले आणि ती यादी छायाचित्रासह व्हॉट्सअॅपच्या गटावर फिरली. पूर्वी भाजीची पिशवी घेऊन वर चढताना दर मजल्यावर कठड्याला धरून थांबणाऱ्या या बाई आता एका दमात वर जातात, ब्लाउजच्या शिवणी आत घ्याव्या लागल्या आहेत. पण स्पर्धेच्या हिशेबी त्या हरल्या आणि पुढच्या फेरीत त्यांनी नाव दिले नाही. जिंकलेले गृहस्थही आता फिरायला दिसत नाहीत, तो भाग वेगळा.

म्हणून माझी सूचना अशी आहे की बक्षीस शरीराने काय दाखवले याला न देता माणसाने काय केले याला द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. तेवढा ज्याने ज्या आठवड्यात केला त्याची त्या आठवड्याची हजेरी लागावी. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग असला म्हणजे तो मध्यम व्यायाम समजावा, त्यासाठी मनगटावर महागडे घड्याळ लागत नाही. ज्यांची हजेरी पूर्ण भरली, त्या सर्वांना आपले पैसे परत मिळावेत आणि गळालेल्यांची रक्कम त्यांच्यात सारखी वाटली जावी. असे केले की शेजारणीचे वजन वाढावे अशी इच्छा कोणाच्या मनात येणार नाही. सध्याच्या नियमात ती येते, हे मी ऐकलेल्या संभाषणांवरून सांगू शकते.

हजेरीच्या नियमात आपल्या शहराचा विचार मात्र हवा. येथे नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि पाण्याच्या दिवशी सकाळी बाई घराबाहेर पडू शकत नाही. बॅरल, पिंप, हंडे भरून होईपर्यंत साडेआठ वाजतात. पुण्या-मुंबईच्या नियमावलीची नक्कल करून ‘सकाळी सहाची हजेरी सक्तीची’ असे लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसते, किंवा त्यांच्या घरी पाणी दुसरे कोणीतरी भरते. त्या दिवशीची हजेरी संध्याकाळी लावण्याची मुभा असावी.

मोजायचेच असेल तर टेपने कंबर मोजावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता हे माप घ्यावे. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेली कंबर धोक्याची मानली जाते. त्याच्या जोडीला, हात छातीवर घडी करून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते, ही साधी चाचणी सुरुवातीला आणि अखेरीला घ्यावी. ज्येष्ठांच्या पायांतील ताकद जोखायला ती वापरतात आणि ती आदल्या रात्री उपाशी राहून सुधारत नाही. वजन ज्याचे त्याने आपल्या वहीत लिहावे, गटावर टाकू नये. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच नाव द्यावे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि शाळकरी मुलांना वजन उतरवण्याच्या पैजेत घेऊच नये.

आहाराच्या तक्त्यांबद्दल एकच तक्रार करते. गटावर फिरणाऱ्या तक्त्यांत ओट्स, किनोआ आणि अव्होकाडो असतात, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीसाठी नाव असलेल्या जिल्ह्यात भाकरीवर फुली मारलेली असते. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि ताक या जेवणात चोथा आणि प्रथिने दोन्ही आहेत. सांभाळायचे ते प्रमाण. शेंगदाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, तेव्हा शेंगाचटणी चमच्याने वाढून घ्यावी, वाटीने नाही. जानेवारीत स्पर्धा सुरू करून ऐन हुरड्याच्या आणि सिद्धेश्वर यात्रेतील गड्ड्याच्या दिवसांत सगळ्यांना काकडीवर बसवणे मला तरी क्रूरपणाचे वाटते. शिवाय काही ठिकाणी चॅलेंज हे निमित्त असते आणि महिन्याकाठी काही हजारांचे पावडरीचे डबे विकणे हा खरा हेतू असतो. भरलेल्या पैशांत डबा ‘समाविष्ट’ असला की सावध व्हावे.

शेवटी महापालिकेला एक विनंती. ही सगळी चळवळ शहराच्या ज्या भागांत मोकळ्या जागा आहेत तेथेच फोफावली आहे. अक्कलकोट रोडच्या बाजूला यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारे कामगार आणि विडी घरकुल परिसरात दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या महिला यांना गुडघे, पाठ आणि साखर यांचा त्रास कमी नाही, पण सकाळी सहाला तलावावर येणे त्यांना परवडत नाही. पूर्व भागातील महापालिका शाळांची मैदाने संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत उघडी ठेवावीत, तेथे दिवे लावावेत आणि त्या वेळेपुरते महिलांचे स्वच्छतागृह कुलूपबंद नसावे, एवढे झाले तरी तेथील महिला आपले गट आपण उभे करतील. आमच्या फिरण्याच्या गटातर्फे असा लेखी अर्ज आम्ही महापालिकेकडे देणार आहोत. पूर्व भागातील मंडळांनी आणि बचत गटांनीही आपापल्या भागातील मैदानाचे नाव घालून तो द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
जुळे सोलापूर