मंगळवारच्या चित्रांची वाट पाहताना

सोलापूर,
९ जुलै २०२२

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. नासाच्या जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीविषयी तू जो प्रश्न विचारला आहेस, त्याचे उत्तर मंगळवारच्या आत तुझ्या हाती पडावे असे मला वाटते, म्हणून हे पत्र टपालात न टाकता फोनवरूनच पाठवतो आहे. उद्या आषाढी. दोन वर्षांच्या खंडानंतर यंदा पालख्या पुन्हा पायी पंढरपुरात आल्या आहेत आणि आमच्या साऱ्या जिल्ह्याचे लक्ष तिकडे लागले आहे. माझे मन मात्र एकादशीच्याही दोन दिवस पुढे जाऊन बसले आहे, कारण १२ जुलैला, आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री आठ वाजता, वेबची पहिली चित्रे जाहीर होणार आहेत.

तू लिहितोस की, ही दुर्बीण जो प्रकाश टिपते तो माणसाला मुळी दिसतच नाही. मग चित्रांतले रंग कोणीतरी भरलेलेच असणार, आणि भरलेल्या रंगांची इतकी वाट कशासाठी पाहायची? प्रश्न रास्त आहे आणि तो मला मनापासून आवडला. पण त्याचे उत्तर देण्याआधी ही दुर्बीण न दिसणाऱ्या प्रकाशाच्या मागे का लागली आहे, ते सांगायला हवे.

अतिदूरच्या दीर्घिकांमधून, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांमधून, जो प्रकाश १३०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघाला, तो निघताना दृश्य किंवा अतिनील होता. तो वाटेत असताना विश्व प्रसरण पावत राहिले आणि त्याबरोबर त्या प्रकाशाची तरंगलांबीही ताणली गेली. हबल दुर्बिणीला सापडलेल्या जीएन-झेड११ या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचेपर्यंत सुमारे १२ पट ताणला गेला आहे, म्हणजे तिथे जो निळा होता तो इथे अवरक्त, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा न दिसणारा प्रकाश, होऊन उतरतो. हबलची दृष्टी साधारण १.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीपाशी थांबते; वेबची ०.६ पासून २८ मायक्रॉनपर्यंत जाते. शिवाय, ज्या धुळीच्या ढगांत तारे जन्माला येतात त्यांतून दृश्य प्रकाश बाहेर पडू शकत नाही, पण अवरक्त प्रकाश बराचसा पार होतो. सर्वांत जुने आणि सर्वांत नवे, असे दोन्ही तारे पाहायचे असतील तर याच प्रकाशाकडे जावे लागते, दुसरी वाट नाही.

आता रंगांविषयी. दुर्बिणीवरचा कॅमेरा ठरावीक तरंगलांब्यांचाच प्रकाश आत सोडणाऱ्या प्रत्येक गाळणीतून एकेक करडे चित्र घेतो, आणि नंतर सर्वांत आखूड तरंगलांबीच्या चित्राला निळा, सर्वांत लांब तरंगलांबीच्या चित्राला लाल, मधल्यांना मधले रंग देऊन ती एकावर एक ठेवली जातात. तू आमच्या घरचा चादरीचा माग पाहिलेला आहेस. जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना पाडलेली भोके ठरवतात की ताण्याचा कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा. मोर असतो तो त्या भोकांत. धागा निळा-पांढरा लावला किंवा लाल-पिवळा लावला, तरी चादरीवर मोर तोच उमटतो. वेबच्या चित्रांतला आकार, उजेड, अंधार आणि रंगांचा क्रम हे सारे आकाशातून आलेले असते. माणूस तो क्रम फक्त आपल्या डोळ्यांना झेपेल अशा पट्ट्यात आणून बसवतो. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. आपल्या डोळ्यांची मर्यादा ही विश्वाची मर्यादा नव्हे, एवढेच त्यातून मान्य केलेले असते.

मात्र मी इतका अधीर झालो आहे तो केवळ सौंदर्यासाठी नव्हे. ही चित्रे निघू शकली नसती, अशा किती जागा वाटेत होत्या ते आठवले की आजही छाती धडधडते. मूळ आराखड्यात उड्डाण २००७ च्या सुमारास व्हायचे होते. प्रत्यक्षात ते २५ डिसेंबर २०२१ ला झाले आणि खर्च १,००० कोटी डॉलरच्या घरात गेला. एवढा साडेसहा मीटरचा आरसा तेव्हाच्या कोणत्याही अग्निबाणाच्या टोकात मावत नव्हता, म्हणून तो बेरिलियमच्या १८ षट्कोनी तुकड्यांचा केला, त्यांवर सोन्याचा अतिशय पातळ थर दिला आणि सगळी दुर्बीण घडी घालून पाठवली. अवरक्त प्रकाश पाहणाऱ्या यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता, कारण जी वस्तू ऊबदार असते ती स्वतःच अवरक्तात प्रकाशते, आणि दुर्बीण तापली तर तिला आकाशाऐवजी स्वतःचाच उजेड दिसू लागेल. आम्हा सोलापूरकरांना उष्णता म्हणजे काय हे सांगायला नको. पण तिथे पाच पदरी पडद्याच्या सूर्याकडच्या बाजूला सुमारे ८५ अंश सेल्सिअस आणि सावलीच्या बाजूला उणे २३३ अंश असा फरक राखायचा होता, आणि तोही सुमारे २१ मीटर लांब, १४ मीटर रुंद असा केसासारखा पातळ पडदा माणसाचा हात न लागता अवकाशात उलगडून. जिथे एकच भाग बिघडला तरी सगळी मोहीम बुडेल अशा जागा अभियंत्यांनी मोजल्या होत्या, त्या ३४४ भरल्या.

आणि दुरुस्तीची सोय नाही. हबल १९९० मध्ये वर गेली तेव्हा तिच्या आरशाची घडण कडेला सुमारे २ मायक्रॉनने चुकलेली निघाली. त्या वेळी आपण वर्तमानपत्रांत वाचलेल्या निराशेच्या बातम्या तुला आठवत असतील. पण ती पृथ्वीपासून जेमतेम सहाशे किलोमीटर वर होती, म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिच्यावर इलाज केला. वेब आहे १५ लाख किलोमीटरवर, चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ चौपट. तिथे जाऊन स्क्रू आवळणारा कोणी नाही. म्हणून जानेवारीत पडदा उलगडला, आरशाचे पंख जागेवर बसले आणि २४ तारखेला ती आपल्या ठिकाणी पोचली, तेव्हा मला घरातले कोणी मोठ्या शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर आल्यासारखे हायसे वाटले.

पुढचे महिने कसे गेले तेही सांगतो, कारण वर्तमानपत्रांत त्याला फारशी जागा मिळाली नाही. सप्तर्षींच्या तारकासमूहातल्या एचडी ८४४०६ या ताऱ्याकडे दुर्बीण प्रथम वळवली, तेव्हा एका ताऱ्याच्या जागी १८ विखुरलेले ठिपके आले, कारण आरशाचा प्रत्येक तुकडा आपल्या परीने स्वतंत्र पाहत होता. ते तुकडे नॅनोमीटरच्या मापाने सरकवत, झुकवत, वाकवत एकत्र आणले गेले, आणि १६ मार्चला एकाच अणकुचीदार ताऱ्याचे चित्र प्रसिद्ध झाले. ते निव्वळ चाचणीचे चित्र होते; तरी ताऱ्यामागच्या पोकळीत कितीतरी दीर्घिका विखुरलेल्या दिसत होत्या. मेअखेरीस एका सूक्ष्म उल्केचा आघात आरशाच्या एका तुकड्याला झाला, हे कळल्यावर मी धास्तावलो होतो, पण दुर्बीण ठरवलेल्या कसोटीपेक्षा अजूनही सरसच काम करते आहे. आणि तीनच दिवसांपूर्वी, ६ तारखेला, नासाने आणखी एक चित्र दाखवले. ते मुख्य कॅमेऱ्याचेही नाही, तर दुर्बीण स्थिर धरण्यासाठी बसवलेल्या मार्गदर्शक उपकरणाचे आहे. कामाचा भाग म्हणून ३२ तासांत टिपलेल्या ७२ छायांकनांतून ते जुळवले आहे, आणि त्यातही दीर्घिकांची दाटी आहे. ज्या उपकरणाकडून चित्राची अपेक्षाच नव्हती त्याचे हे काम असेल, तर मंगळवारी काय दिसेल याचा विचार करताना झोप लागत नाही.

कालच पाच लक्ष्यांची यादी जाहीर झाली. तिच्यातले पहिले नाव वाचून मला फार आनंद झाला: कॅरिना तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा प्रचंड ढग. आपण दोघे होटगीकडच्या माळावर अगस्त्य पाहायला जात असू, त्याच अगस्त्याच्या तारकासमूहात तो आहे, आपल्यापासून सुमारे ७,६०० प्रकाशवर्षांवर. सोलापुरातून तो दक्षिण क्षितिजाच्या वर जेमतेम १२ अंश येतो आणि एप्रिलच्या रात्री थोडा वेळ दिसतो. त्यातला ईटा कॅरिनी हा तारा १८४३ मध्ये काही काळ अगस्त्यालाही मागे टाकून व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला होता. ताऱ्यांची निर्मिती जिथे जोरात चालू आहे अशा या ढगाच्या आत वेब कुठवर पोचते, हे मला पाहायचे आहे. दक्षिण कंकण तेजोमेघ हा मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचा ढग, आणि स्टीफनचे पंचक हा १८७७ मध्ये सापडलेला दीर्घिकांचा गट. दोन्ही सुंदर असतील यात शंका नाही. एसएमएसीएस ०७२३ या दीर्घिकासमूहाकडे मात्र नीट पाहा. त्याच्या प्रचंड वस्तुमानामुळे मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो आणि मोठा होऊन आपल्याकडे येतो. मी वर लिहिलेला तो ताणलेला, जुना प्रकाश दिसलाच तर याच चित्रात दिसेल.

पण विनायक, मी सर्वांत जास्त वाट पाहतो आहे ती पाचव्या लक्ष्याची, आणि ते चित्र नसणारच. वास्प-९६ बी हा सुमारे १,१५० प्रकाशवर्षांवरचा, गुरूच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा वायुग्रह आहे. आपल्या ताऱ्याभोवती तो ३.४ दिवसांत एक फेरी घालतो. त्याचा फक्त वर्णपट येणार आहे, म्हणजे आलेखावरची एक वेडीवाकडी रेषा. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून गाळून येतो, आणि तिथला प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक तरंगलांब्यांचा प्रकाश शोषून घेतो. त्या रेषेतल्या चढउतारांवरून, तिथे पाण्याची वाफ आहे की नाही, हे इथे बसून वाचता येते. हबल उडाली तेव्हा सूर्यासारख्या दुसऱ्या कोणत्याही ताऱ्याभोवती एकही ग्रह माणसाला ठाऊक नव्हता. असा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला, आणि २००१ मध्ये त्याच हबलने अशाच एका परग्रहाच्या वातावरणात सोडियम असल्याचे दाखवले. म्हणजे जे काम तिच्या आराखड्यातही नव्हते ते तिने केले. वेब या कामासाठी सज्ज होऊनच गेली आहे, आणि तिच्या पहिल्याच वर्षाच्या कार्यक्रमात ट्रॅपिस्ट-१ या सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचे ग्रह आहेत, जे आकाराने पृथ्वीच्या जवळपास आहेत. त्यांना वातावरण आहे का, हे आपल्या हयातीत कळू शकेल, असे मला प्रथमच खात्रीने वाटू लागले आहे.

रंग भरलेले आहेत का, या तुझ्या प्रश्नाचा त्या आलेखाला स्पर्शही होत नाही, म्हणून तोही जरूर पाहा. मंगळवारी लोक चार चित्रे एकमेकांना पाठवतील आणि ती रेषा मागे राहील, अशी मला भीती वाटते. तू ती थांबून पाहा, आडव्या अक्षावर तरंगलांबी असेल ती वाच, आणि रेषा जिथे जिथे उंचावते, म्हणजे ग्रहाच्या वातावरणात प्रकाश जास्त अडतो, त्या जागा टिपून ठेव. बुधवारी गुरुपौर्णिमेची सुट्टी नसली तरी मी सकाळी घरीच आहे. तेव्हा फोन कर, म्हणजे दोघांनी टिपलेल्या जागा ताडून पाहू. वहिनींना नमस्कार, आणि मुलीलाही आठ वाजता शेजारी बसवून घे.

तुझा,
अरविंद