बाबा, पासवर्ड मी बदललाय

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी रागवून घ्या, मग पुढे वाचा. तुम्हाला कॉम्प्युटरचा पिनही आठवेना आणि पासवर्डही, म्हणून तो ज्यावर उघडतो त्या तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड काल रात्री मी इथूनच बदलला. विचारलं असतं तर तुम्ही ‘राहू दे, आठवेल मला’ म्हणाला असता आणि सकाळी त्या दुरुस्तीवाल्या मुलाने कॉम्प्युटर फॉरमॅटला, म्हणजे सगळं पुसून कोरा करायला, नेला असता. आजीचे स्कॅन केलेले फोटो, तुमची अर्धवट वंशावळ, सगळं गेलं असतं. माझा ईमेल तुमच्या खात्याला जोडलेला होताच. त्यावर कोड आला, काम झालं. तुमचं एकही पत्र मी उघडलेलं नाही, शप्पथ.

आणि वय झालं वगैरे काही नाही हं. रोज पिनवर भागत होतं, पासवर्ड लागलाच कधी? पिन बऱ्याचदा चुकला की ते ए-वन-बी-टू-सी-थ्री टाइप करायला सांगतं. आईला वाटला तसा तो व्हायरस नाही.

आत सगळं जिथल्या तिथे असेल. मोठी अक्षरं, समुद्राचा फोटो, पत्त्यांचा डावसुद्धा. फक्त पिन नवा करायचाय. आधी वाय-फाय चालू आहे ना बघा. मग पिनच्या चौकटीखालचं ‘आय फरगॉट माय पिन’ दाबा. पासवर्ड मागेल, तो मी आईला फोनवर सांगते. टाइप करताना कॅप्स लॉक बंद हवं आणि भाषा इंग्रजी हवी. तुमचं मराठी टायपिंग तिथे आडवं येतं. शेजारचं डोळ्याचं चित्र दाबून ठेवलंत की काय लिहिलंय ते दिसतं. त्यानंतर कोड मागेल. तो माझ्याकडे येईल, म्हणून मी फोनवर असतानाच हे करा.

इथून पुढेही कोड माझ्याकडे येत राहील. पाळत नाही हो ही! माझ्या सायकलची दुसरी चावी तुमच्या खिशात असायची, आणि किल्ली हरवून रडत आले की तुम्ही ती न बोलता काढून द्यायचात. तसंच समजा. नको वाटलं तर सांगा, काढून टाकीन. पण आधी तुमचा नवा मोबाइल नंबर खात्याला जोडू, जुना तर बंदच झालाय.

पासवर्ड डायरीत लिहा, स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवू नका. कधी निळ्या पडद्यावर ४८ आकडी ‘रिकव्हरी की’, म्हणजे कुलूपबंद कॉम्प्युटर उघडायची किल्ली, मागितली तर काहीही न दाबता मला फोन करा. ती तुमच्या खात्यात साठवलेली आहे, मी पाहिलीय. आणि ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असा फोन आला तर बाबा, तुम्ही घेऊच नका, गप्पा मारत बसाल. आई, तू घे आणि ठेवून दे.

रविवारी सकाळी फोन करते. तोवर त्या मुलाला ‘येऊ नको’ म्हणून कळवा, आणि बाबा, डोळ्यांचा नंबर तपासून घ्या. हे विनंती म्हणून लिहीत नाहीये.

तुमची,
ठमी