पट्टा धार लावत नाही, राखतो

संपादक महोदय,

वस्तऱ्याने दाढी करण्यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नव्याने शिकणाऱ्यांना तो उपयोगी पडेल; पण त्यातल्या एका वाक्यामुळे त्यांचा वस्तरा पहिल्याच आठवड्यात बोथट होईल. 'चामड्याच्या पट्ट्यावर जोराने घासले की धार येते,' असे त्यात म्हटले आहे. धार येते ती दगडावर. पट्ट्यावर ती फक्त सरळ आणि स्वच्छ होते, आणि जोर दिला तर तिथेच मरते.

केस पोलादाच्या सुमारे पन्नास पट मऊ असतो, तरी धार बिघडते ती त्याच्यामुळेच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी दाढीच्या साध्या पात्यांवर प्रयोग करून 2020 साली 'सायन्स' नियतकालिकात याचे कारण मांडले. कापताना केस वाकतो, धारेवर तिरका ताण पडतो आणि पोलाद जिथे एकसारखे नसते तिथून बारीक टवका उडतो. उडालेला टवका पट्टा भरून काढू शकत नाही. म्हणून धार राखायची सुरुवात गालापासूनच होते. दाढी दोन-तीन मिनिटे पाण्याने नीट भिजवावी, वस्तरा त्वचेपासून साधारण 30 अंशांच्या आत आडवा ठेवावा. बिनपाण्याने केलेली हजामत गालाला झोंबते तशी पात्यालाही झोंबते.

आता पट्टा. रुंदी 7.5 सेंटिमीटर असली की पाते बहुतेक सगळे एकदम टेकते. त्याहून अरुंद पट्ट्यावर पाते पुढे सरकवताना थोडे तिरके ओढावे लागते, नाहीतर पात्याचे टोक किंवा मुठीकडची टाच घासायची राहते. पट्ट्याचे एक टोक हुकाला अडकवून दुसरे हाताने ताणून धरावे. ढिला पट्टा खाली झोल खातो, धारेभोवती वर वळतो आणि तिला गोल करतो. बोथटपणाच्या तक्रारींत या झोलाचा वाटा मोठा असतो, पण दोष बिचाऱ्या पोलादाला दिला जातो.

पाते पूर्ण आडवे ठेवायचे. पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या हव्यात. मग पाठ पुढे, धार मागे, असे ओढायचे. वजन वस्तऱ्याचे, हाताचे नाही. पट्ट्याच्या टोकाशी पोहोचले की आधी थांबायचे, मग पाठ चामड्यावरून न उचलता तिच्याच आधाराने पाते उलटायचे आणि परत यायचे. सगळी गंमत या उलटण्यात आहे. हात चालू असतानाच पाते उलटले किंवा पाठ आधी उचलली, की धार चामड्यात शिरते. वस्तरा दोन बोटांत मानेपाशी, म्हणजे पाते संपते तिथल्या दांड्यापाशी, धरून बोटांनीच फिरवावा. मनगट वळले की पात्याचे एक टोक वर उठते. सवय होईपर्यंत लोणी लावायच्या बोथट सुरीने हे करून पाहिले तर चामडे आणि बोटे दोन्ही वाचतात.

दाढीपूर्वी पट्ट्याच्या कापडाच्या बाजूवर 20 फेऱ्या आणि चामड्यावर 40 ते 50 पुरतात. एक फेरी म्हणजे जाऊन येणे. वेग दाखवायची गरज नाही, तो हाताला आपोआप येतो.

पहिल्या पट्ट्यावर चिरा पडणारच, म्हणून तो साधाच घ्यावा. वरवरची चीर 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून सपाट करता येते, सुटलेला पापुद्रा चिकटवता येतो. काठ उभे राहिलेली खोल चीर मात्र प्रत्येक फेरीत धारेला लागते. तो पट्टा बाद समजावा. चामड्याला रोज तळहाताने चोळणे एवढीच निगा लागते. तेलाने थबथबलेला पट्टा निकामी होतो.

धार घासून चकचकीत करणारी क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट हा नवशिक्यांचा लाडका शॉर्टकट आहे. ती चामड्याच्या वेगळ्या तुकड्यावरच लावावी, कारण एकदा लागली की चामड्यातून निघत नाही. वस्तरा केस ओढू लागला तर तिच्यावर पाच-दहा फेऱ्या द्याव्यात. रोज दिल्या तर कड हळूहळू गोल होते आणि दगडाचे काम वाढते.

धार पाहण्यासाठी नखावर पाते ओढणारे बरेच आहेत. त्याने धार कळते खरी, पण खराबही होते. सुटा केस धारेवर अलगद सोडून पाहावा.

दाढी झाल्यावर पाते धुऊन पुसायचे ते पाठीकडून धारेकडे. धारेच्या लांबीने बोट कधीच फिरवू नये. मुठीच्या खाचेत आणि खिळ्यापाशी पाणी राहते, तिथे कागदाची पट्टी सरकवून ते टिपावे आणि वस्तरा तासभर उघडा ठेवावा. जुन्या पद्धतीच्या कार्बन पोलादाला ओल अजिबात सोसत नाही. धारेवर गंजाचा ठिपका पडला तर तो खड्डा करतो आणि खड्ड्यापलीकडे जाईपर्यंत पाते घासावे लागते. बरेच दिवस वापरायचा नसेल तर मिनरल ऑइलचा हलका हात द्यावा. खाण्याचे तेल चिकट होते. चामड्याच्या बंद पाकिटात किंवा न्हाणीघरात ठेवू नये. मिटताना पाते मुठीच्या बाजूला घासले तरी कड तुटते, नळाला लागले तर विचारूच नका. आणि वस्तरा ज्याचा त्यानेच वापरावा. हेपॅटायटिस बी रक्ताच्या अदृश्य थेंबातूनही पसरतो.

पट्ट्याने भागेनासे झाले की 8000 आणि 12000 नंबरच्या दगडांवर (नंबर मोठा तेवढा दगड बारीक) हलक्या हाताने काम होते. कड तुटली असेल तर 1000पासून सुरुवात करावी लागते. तिथेही पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या असतात, कारण पाठीची जाडीच कोन ठरवते. मात्र दगडावर धार पुढे चालते, पट्ट्यावर मागे.

लेखासोबतच्या छायाचित्रात पट्ट्यावरच्या वस्तऱ्याची धार पुढे दिसते आहे. तसे ओढले तर पट्टा कापला जाईल. मजकुराबरोबर छायाचित्राचीही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
वस्तऱ्याने दाढी करणारे काही वाचक