बोटीच्या खिडक्या दुरुस्त करून देणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय धानाच्या रोवणीवर नेता, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये आमच्या मच्छीमार संस्थेची ती केबिनवाली बोट पावसाळ्यात आतूनच गळायची. बाकड्यांखाली पाणी, लाइफ जॅकेटांना बुरशी, आणि पावसापाण्याचा माणूस आत बसवावा तर तोही ओलाच. आधीच्या मिस्त्रीने दरवर्षी खिडकीभोवती सिलिकॉनचा एक थर वाढवला आणि पैसे घेऊन गेला. दिवाळीपर्यंत तो थर सुटायचा.

तुम्ही सिलिकॉनच्या डब्याला हातच लावू दिला नाही. "आधी पाणी कोठून येते ते पाय, मंग डबा खोल," म्हणालात. पोराच्या हाती पाइप देऊन बाहेर उभं केलंत आणि स्वतः टॉर्च घेऊन आत आडवे झालात. पाणी आधी खिडकीच्या खालच्या कडेवर, मग बाजूंना, सगळ्यात शेवटी वर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं, मग भोक कुठलं ते कसं कळणार? पाणी टपकत होतं मागच्या बाकड्यावर, आणि शिरत होतं पुढच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका स्क्रूतून! आतल्या लायनिंगमागून ते एवढं लांब चालत यायचं. आम्ही इतके दिवस मागच्या खिडकीलाच बोल लावत होतो, बिचारी.

फ्रेम काढल्यावर दिसलं ते मात्र वाईट होतं. फायबरच्या दोन थरांमधलं प्लायवूड काळं पडलेलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक ओल्या ढेपेत जावं तसं आत गेलं. तुम्ही सडका भाग कोरून काढलात, उरलेलं पूर्ण वाळू दिलंत आणि उघडी कड इपॉक्सीने बंद केलीत. घाई करणाऱ्यांना दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही.

जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरडताना आमच्यातला एकजण थिनर घेऊन आला, तेव्हा तुम्ही त्याचा हातच धरलात. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागलं की खिडकीच्या अ‍ॅक्रिलिकला, म्हणजे त्या काचेसारख्या प्लास्टिकला, बारीक तडे जातात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि जुन्या सिलिकॉनचा नुसता ओशटपणा राहिला तरी नवं काही धरत नाही.

मला सगळ्यात पटलं ते तुमचं नवतप्याचं गणित. थंडीतल्या १० अंशांपासून उन्हाळ्यातल्या ४५ पर्यंत मीटरभर अ‍ॅक्रिलिक जवळजवळ अडीच मिलिमीटर वाढतं. काच त्याच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकीच. स्क्रू घट्ट आवळलेले असले तर वाढलेलं अ‍ॅक्रिलिक जाणार कुठे? भोकापाशी तडकतं, नाहीतर सिलिकॉन ओढून सोडवतं. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस म्हणतो, "बसची काच रबरात बसते. याले बी फुगायले जागा दे." म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी केलीत, आणि सिलिकॉनऐवजी हेडलाइट जोडायला वापरतात ती काळी, रबरासारखी चिकट ब्युटाइल टेप नागपूरहून मागवलीत. एकेक स्क्रू थोडाथोडा, समोरासमोर आवळत गेलात. टेप कडेने बाहेर यायला लागली तिथे थांबलात आणि उरलेलं दुपारच्या उन्हात ती मऊ झाल्यावर पुन्हा आवळलंत.

यंदाच्या झडीत बाकडी कोरडी आहेत. जॅकेटंही.

आता छतावरच्या झाकणातून थोडं येतं आहे. तुमच्याच पद्धतीने पाइप लावून पाहिलं. बिजागरीच्या बाजूने शिरतं, रबर तिथे चपटं झालंय. नवं रबर आणून ठेवलंय, पण कोपऱ्यात तिरपं कापायचं की सरळ यावर संस्थेत दोन तट पडलेत. तान्ह्या पोळ्याला या. झिंग्याची भाजी आमच्याकडे, कापायची पट्टी तुम्ही आणा.

आपला,
मच्छीमार संस्थेतला तुमचा पुतण्या